दार लागलं की पगार सुरू: केबिन क्रू आणि पायलटच्या पैशांचं गणित

विमानात चढताना दारात उभी राहून नमस्कार करणारी, मग तुमची ओव्हरलोड झालेली बॅग वरच्या कप्प्यात कोंबायला मदत करणारी, मधल्या सीटवरच्या काकांना तिसऱ्यांदा फोन फ्लाइट मोडवर टाका म्हणून सांगणारी जी एअर होस्टेस असते ना, तिला त्या पाऊण तासाचे जगातल्या बऱ्याच एअरलाइन्समध्ये वेगळे पैसे मिळत नव्हते आणि कित्येक ठिकाणी अजूनही मिळत नाहीत. हे आता बऱ्याच जणांनी रील्समध्ये वगैरे ऐकलंय. पण त्या रील्समध्ये एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती म्हणजे कॉकपिटमध्ये बसलेल्या कॅप्टनलाही त्या पाऊण तासाचे पैसे मिळत नाहीत. दोघांचं घड्याळ एकच आहे. मग एकाचा पगार वर्षाला दोन-दोन लाख डॉलर आणि दुसरी चार जणींबरोबर फ्लॅट शेअर करून राहतेय, असं का? हे जरा नीट उलगडून बघू, कारण यात "पायलटला जास्त शिक्षण लागतं" एवढंच उत्तर नाहीये.

आधी घड्याळ समजून घेऊ. एअरलाइनमध्ये पगाराचा तास म्हणजे ब्लॉक अवर. विमानाचं दार बंद झालं, पार्किंग ब्रेक सुटला आणि विमान स्वतःच्या जागेवरून हललं की तास सुरू, आणि पलीकडच्या विमानतळावर जागेवर लागून ब्रेक लागला की तास बंद. आपल्याकडे याला चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन म्हणतात, चॉक्स म्हणजे चाकांना लावलेले ते ठोकळे. हल्लीच्या विमानांत या वेळा कोणी वहीत लिहीत बसत नाही, विमानाची सिस्टिमच आपोआप नोंदवून कंपनीला पाठवते. म्हणजे रनवेकडे जाताना रांगेत विमान अर्धा तास अडकलं तर तो अर्धा तास धरला जातो, पण गेटवरच दार उघडं ठेवून दोन तास उशीर झाला तर तो धरला जात नाही. आपल्या रिक्षावाल्याला सिग्नलला थांबलं तरी वेटिंगचे मिळतात, इथे तेही नाही. रिपोर्टिंग, ब्रीफिंग, सिक्युरिटी, विमानातली इमर्जन्सीची उपकरणं तपासणं, बोर्डिंग, दोन फ्लाइट्सच्या मधला वेळ, उतरल्यावर कोणी काही विसरलंय का ते बघणं, हे सगळं ड्युटीत येतं पण ब्लॉकमध्ये येत नाही.

आता कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात की बाबांनो, ताशी दर ठरवतानाच आम्ही जमिनीवरचा वेळ धरूनच दर ठरवलाय, समजा तासाला ३५ डॉलर दर असेल, तर तो काही फक्त हवेतल्या तासाचा दर नाही, ती मोजायची एक पद्धत आहे. आणि खरं सांगायचं तर हिशेबाच्या दृष्टीने हे चूक नाही. पद्धत कुठलीही असो, शेवटी महिन्याला हातात किती येतात तेच बघायचं. पण माझा मुद्दा असा की ही पद्धत उशिराचा सगळा भुर्दंड कामगाराच्या माथ्यावर टाकते. धुकं पडलं, बॅगा उशिरा आल्या, कोणीतरी पॅसेंजर चेक-इन करून गायब झाला, चूक कोणाचीही असो, गेटवर उभं राहून लोकांच्या शिव्या फुकटात खायच्या क्रूने.

थोडं गणित करू, म्हणजे कळेल. अमेरिकन सरकारच्या कामगार आकडेवारी खात्याच्या माहितीप्रमाणे फ्लाइट अटेंडंट महिन्याला साधारण ७५ ते १०० तास उडतात आणि अजून जवळपास ५० तास जमिनीवर घालवतात. आता समजा एखादी नवीन मुलगी तासाला ३५ डॉलरने ८० तास उडली. झाले २८०० डॉलर. पण कामाचे तास १३०, म्हणजे खरा दर पडला साडेएकवीस डॉलर. सिएटल शहरात २०२५ साली कायद्याने ठरलेलं किमान वेतनच तासाला २०.७६ डॉलर होतं, म्हणजे तिथे कॉफीच्या दुकानात कप धुणाऱ्याला जवळपास तेवढेच मिळतात आणि त्याला रात्री अडीच वाजता उठून एअरपोर्ट गाठावा लागत नाही. आता हेच गणित पायलटला लावा. समजा ३०० डॉलर तासाचा दर, ८० तास, झाले २४,००० डॉलर. त्याचेही कामाचे तास तेवढेच धरले तर खरा दर १८५च्या आसपास. टक्केवारीत दोघांचंही नुकसान सारखंच झालं, पण तीनशेचे एकशे पंच्याऐंशी झाले तर कोणाची झोप उडत नाही, पस्तीसचे साडेएकवीस झाले की घरभाड्याचा प्रश्न येतो. म्हणून मोर्चात तुम्हाला केबिन क्रूच दिसते, पायलट यावर फारसे बोलत नाहीत. त्यांचं भांडण वेगळ्या गोष्टींवर असतं.

(यात पर डिएम धरलेला नाही. घरच्या बेसपासून बाहेर असताना दर तासाला थोडे डॉलर खाण्यापिण्याचे म्हणून मिळतात, ते सगळ्या बाहेर असलेल्या तासांचे मिळतात, झोपेतले सुद्धा. त्यामुळे जरा हातभार लागतो, पण त्यातूनच एअरपोर्टवरचं महागडं सँडविच पण घ्यायचं असतं.)

या पद्धतीत अजून एक गंमत आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सगळे तास सारखे नसतात. समजा मुंबईहून गोवा, परत मुंबई, मग नागपूर, परत मुंबई असा दिवस आहे. चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. ब्लॉकचे तास मिळून साधारण साडेपाच. पण रिपोर्टिंग तासभर आधी, मधे तीन वेळा पाऊण-पाऊण तास थांबा, शेवटी पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे ड्युटी झाली नऊ तासांची. आणि बोर्डिंग चार वेळा, चार वेळा तेच नमस्कार, त्याच बॅगा. आता मुंबई-लंडन घ्या. ब्लॉक दहा तासांच्या आसपास, ड्युटी पावणेबारा-बारा तास, बोर्डिंग एकदाच. पहिल्या दिवशी कामाच्या वेळेपैकी साठ टक्के वेळ पगारात धरला गेला, दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी. म्हणूनच अमेरिकेत लांबच्या फ्लाइट्सवर तुम्हाला केस पिकलेल्या, वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या आज्या दिसतात आणि छोट्या छोट्या उड्यांवर नवीन पोरं. तिथे सगळं सिनियॉरिटीवर चालतं, दर महिन्याला कुठली फ्लाइट हवी त्याची बोली लावायची आणि ज्याचा नंबर वर त्याला आधी निवड. आणि नवीन लोक स्टँडबायवर, म्हणजे फोनजवळ बसून राहायचं, फोन आला की पळायचं.

हा सगळा प्रकार आला कुठून? पायलटच्या बाजूने सुरुवात झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेत कंपन्यांनी पायलटचा पगार कापायला सुरुवात केली, पायलटांची युनियन १९३१ मध्ये झालेली होती, भांडण वर गेलं आणि १९३४ मध्ये तिथल्या नॅशनल लेबर बोर्डाने एक निकाल दिला, जो पायलट लोकांत डिसिजन ८३ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात ठरलं की महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उडायचं आणि पगारात मूळ रकमेबरोबर तासाचा भाग असेल, आणि तासाचा दर विमानाच्या वेगाप्रमाणे वाढेल. यातली हुशारी बघा. वेगवान विमान आलं की त्याच एका तासात कंपनी जास्त लोक जास्त लांब नेते, तर त्या फायद्यात पायलटचाही वाटा. आजही मोठ्या विमानाच्या कॅप्टनचा दर छोट्या विमानाच्या कॅप्टनपेक्षा जास्त असतो त्याचं मूळ इथे आहे. आज अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत मोठं विमान चालवणाऱ्या सिनियर कॅप्टनचा दर तासाला ४०० डॉलरच्या वर गेलाय.

केबिन क्रूचं काय झालं? पहिली एअर होस्टेस एलन चर्च, पेशाने नर्स, १५ मे १९३० ला बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोकडे निघाली. पगार महिन्याला १२५ डॉलर, १०० तास उडण्याचा. अट अशी की लग्न झालेलं नको, वय कमी हवं, वजन ठराविक मापातच हवं. म्हणजे नोकरी सुरुवातीपासूनच अशी बेतली होती की पोरगी दोन-चार वर्षं करेल, लग्न होईल, जाईल. जी व्यक्ती राहणारच नाही तिच्या पगाराची शिडी उंच बांधायची कशाला? आणि हे फक्त तिकडचं नाही. आपल्या एअर इंडियात एअर होस्टेसचं रिटायरमेंटचं वय ३५ होतं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी नोकरी गेली. पस्तीसच्या पुढे ठेवायचं की नाही ते मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८१ चा नर्गेश मिर्झा खटला, कोर्टाने गरोदरपणाची अट आणि त्या मर्जीचा अधिकार हे दोन्ही रद्द केलं. लग्नाची चार वर्षांची अट मात्र कोर्टाने चालवून घेतली, आज वाचताना डोक्याला हात लावावासा वाटतो.

आता तो नेहमीचा प्रश्न, पायलटला एवढे जास्त का. शिक्षण हा भाग आहेच. कमर्शियल लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, मग त्या त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग (म्हणजे ते विमान चालवायची परवानगी), सगळा खर्च धरला तर लाखांतून कोटीच्या घरात जातो, बारामती किंवा गोंदियाला शिकणाऱ्या पोरांच्या आई-बाबांना विचारा, कोणी जमीन विकलेली असते कोणी घर गहाण टाकलेलं असतं. केबिन क्रूला बारावी पास झालं की अर्ज करता येतो आणि पुढचं ट्रेनिंग काही महिन्यांचं. पण ट्रेनिंग कमी म्हणजे काम किरकोळ असं नाही, विमान रिकामं करायची वेळ आली तर निम्मी दारं बंद असली तरी ९० सेकंदांत सगळे बाहेर काढता आले पाहिजेत हा विमानाच्या सर्टिफिकेटचाच नियम आहे, आणि ते काढायचं कोणी तर क्रूने. चहा देणं हे जोडकाम आहे.

शिक्षणापेक्षा मोठं कारण म्हणजे तुमची जागा भरायला किती वेळ लागतो. आपल्या डीजीसीएने (विमान वाहतुकीचे नियम ठरवणारं सरकारी खातं) २०१७ मध्ये नियम केला की कॅप्टनने नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस आणि को-पायलटने सहा महिन्यांची. बघा म्हणजे, कुठल्या धंद्यात सरकार स्वतः सांगतं की माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा आणायला वर्ष लागतं? हे पायलटच्या किमतीचं सरकारी सर्टिफिकेटच आहे (पायलटांना तो नियम अजिबात आवडत नाही ही गोष्ट वेगळी). डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं आठवतंय ना, पायलटच्या विश्रांतीचे नवीन नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते, आठवड्याची सुट्टी ३६ तासांची ४८ तास झाली होती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली होती, इंडिगोकडे तेवढे पायलट नव्हते आणि हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या, लोक एअरपोर्टवर लग्नाचे कपडे घेऊन बसलेले. थोडे पायलट कमी पडले तर देश अडतो.

तसं बघायला गेलं तर क्रूशिवाय पण विमान उडू शकत नाही. दर ५० सीटमागे एक केबिन क्रू हवाच असा नियम आहे, म्हणून १८० सीटच्या एअरबसमध्ये चार जण दिसतात आणि छोट्या एटीआरमध्ये दोन. चारातला एक आजारी पडला तर विमान तसंच नेता येत नाही. पण त्या एकाच्या जागी दुसरं कोणी उभं करायला कंपनीला पायलटएवढा त्रास नाही, अर्जांचा ढीग पडलेला असतो. म्हणजे पगार कशावर ठरला, कामाच्या महत्त्वावर नाही, तुमच्या मागे रांगेत किती जण उभे आहेत त्यावर.

आणि हे खरं असल्याचा पुरावा पायलटांच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं छोटं विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत निघालं की त्यातल्या को-पायलटचा पगार वर्षाला २०,००० डॉलरच्या आसपास होता आणि कामाच्या जागी घर परवडत नसल्यामुळे आई-वडिलांकडे राहून देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ती ड्युटीला आली होती. लायसन्स तेच, जबाबदारी तीच, पण तेव्हा छोट्या कंपन्यांच्या दारात पायलटांची रांग होती म्हणून पगार तसला. पुढे २०१३ पासून अमेरिकेत को-पायलटलाही बहुतेक वेळा १५०० तास उडण्याच्या अनुभवाची अट आली, रांग आटली, मग कोविडमध्ये कंपन्यांनी सिनियर लोकांना पैसे देऊन घरी बसवलं, आणि विमानं परत उडायला लागल्यावर पायलटच नाहीत. २०२३ मध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या पायलटांना चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळाली, बाकीच्या कंपन्या मागोमाग. त्याच वर्षीचा अमेरिकन सरकारचा आकडा बघा, एअरलाइन पायलटचा मधला पगार वर्षाला सुमारे २,१९,००० डॉलर, फ्लाइट अटेंडंटचा सुमारे ६८,०००. तिपटीपेक्षा जास्त.

मग केबिन क्रू भांडत का नाहीत? भांडतात, पण अमेरिकेत एअरलाइनचे कामगार १९२६च्या रेल्वेच्या एका कायद्याखाली येतात (हो, रेल्वेच्या, १९३६ मध्ये विमानवाल्यांना त्यात ढकललं). त्यात करार संपतच नाही, फक्त बदलायला खुला होतो, जुनाच पगार चालू राहतो आणि सरकारी मध्यस्थाने परवानगी दिल्याशिवाय संपावर जाता येत नाही. त्यामुळे वाटाघाटी वर्षानुवर्षं चालतात आणि महागाई काही थांबत नाही. पायलटपण याच कायद्याखाली आहेत, पण पायलट कमी आहेत हे माहीत असल्यावर कंपनी स्वतःहून टेबलावर येते.

बोर्डिंगचे पैसे पहिल्यांदा मोठ्या अमेरिकन कंपन्यांत कोणी दिले तर डेल्टाने, जून २०२२ पासून, नेहमीच्या दराच्या निम्मे. गंमत म्हणजे डेल्टाच्या फ्लाइट अटेंडंट्सची युनियनच नाही, युनियन आणायची खटपट तेव्हा जोरात होती. आता कंपनीने हे मोठ्या मनाने केलं की युनियन नको म्हणून केलं ते तुम्हीच ठरवा. मग अमेरिकन एअरलाइन्सच्या २०२४च्या करारात बोर्डिंगचे पैसे आले, अलास्का एअरलाइन्समध्ये २०२५ मध्ये. युनायटेडच्या क्रूने मात्र २०२५ मध्ये समोर आलेला करार मतदानात फेटाळला.

सगळ्यात मोठा राडा झाला कॅनडात. एअर कॅनडाच्या पायलटांनी २०२४ मध्ये चार वर्षांत मिळून ४२ टक्क्यांच्या आसपास वाढ पदरात पाडून घेतली होती, ती केबिन क्रूच्या डोळ्यासमोर होती. १६ ऑगस्ट २०२५ ला १०,०००च्या वर फ्लाइट अटेंडंट्स संपावर गेल्या, पगारवाढीबरोबर मुख्य मागणी ही की जमिनीवरच्या कामाचे पैसे द्या. काही तासांत सरकारने कामगार कायद्याचं कलम १०७ वापरून परत कामावर जा म्हणून आदेश काढला. आणि युनियनने चक्क नाही म्हटलं. बेकायदा ठरवा, आत टाका, आम्ही जात नाही. तीन दिवसांत, १९ ऑगस्टला कंपनीने समझोता केला आणि जमिनीवरच्या वेळेचे पैसे, सुरुवातीला निम्म्या दराने, मान्य झाले. पण मूळ पगाराचा जो आकडा होता तो क्रूने मतदानात ९९ टक्क्यांनी उडवून लावला. शंभरातले नव्व्याण्णव, आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा रंग पण एवढ्या एकमताने ठरत नाही.

आता आपल्याकडे. भारतात पद्धत थोडी मिश्र आहे, एक ठराविक मूळ पगार आणि वर उडण्याच्या तासांचा भत्ता, शिवाय लेओव्हरचे, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचे, वेगळे. केबिन क्रूचा सुरुवातीचा पगार हजारांत मोजतात, कॅप्टनचा लाखांत, तफावत अमेरिकेपेक्षाही डोळ्यात भरणारी. इथे भांडणाची जागा म्हणजे गॅरंटीचे तास, म्हणजे तुम्ही उडा किंवा नका उडू, एवढ्या तासांचे पैसे नक्की. हा आकडा किती महत्त्वाचा ते विस्तारा एअरलाइनच्या प्रकरणात दिसलं. एअर इंडियात विलीन होताना पायलटांना जो नवीन करार दिला त्यात गॅरंटी ७० तासांवरून ४० वर आली, पायलट नाराज झाले, धडाधड सिक लीव्ह पडल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराला रोजच्या २५-३० फ्लाइट्स कमी कराव्या लागल्या. पायलटांना कामावरून काढल्याचं काही ऐकलं नाही, उलट बड्या साहेबांनी मीटिंग घेऊन समजूत काढली. पुढच्याच महिन्यात, मे २०२४ ला, एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने पगाराची रचना आणि विलीनीकरणात मिळालेल्या वागणुकीवरून तेच केलं, एकदम सिक लीव्ह. तिथे कंपनीने २५ जणांना थेट काढून टाकलं. मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर त्यांना परत घेतलं, पण दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा, ताकद कोणाकडे आहे ते वेगळं सांगायला नको.

आणि तासांवर पगार असण्याचा खरा धोका कोविडमध्ये कळला. २५ मार्च ते २५ मे २०२० देशातली प्रवासी विमानं बंद. विमान नाही म्हणजे तास नाही, आणि ज्यांच्या पगाराचा मोठा भाग तासांवर होता त्यांच्या हातात फक्त मूळ पगार, तोही बऱ्याच ठिकाणी कापलेला. होमलोन घेताना मात्र सगळ्यांनी चांगल्या महिन्याची स्लिप दाखवलेली असते.

तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कोणी केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूला जात असेल तर ऑफर लेटरवरचा मोठा आकडा बघून लगेच पेढे वाटू नका, आधी हे विचारा: त्यात मूळ पगार किती आणि उडण्याचा भत्ता किती, गॅरंटीचे तास किती, ट्रेनिंगच्या महिन्यांत काय देणार, स्टँडबायला घरी बसवलं तर काय, ड्युटीसाठी पॅसेंजर म्हणून दुसऱ्या शहरात पाठवलं तर ते तास धरणार की नाही, बाँड किती वर्षांचा आणि मधेच सोडलं तर किती भरायचे. एचआरवाली मॅडम सगळ्याची उत्तरं गोड हसून देईल, ती लेखी मागा.